हेक्टर, गोलचा खांब आणि माझा भोंगा

वुरुमियांगा, शुक्रवार, दुपारचे दोन

आदरणीय कॉर्नेलियस दाजींना मेहुणा अलोयसियसचा मनापासून नमस्कार. डार्विनच्या बंदरावर ओझी उचलून तुमचा गुडघा पुन्हा सुजला असेल, तर कासवाचं तेल चोळा आणि डॉक्टरला सांगू नका. इथे माणसं बरी आहेत. कुत्रा बरा नाही, पण त्याचं पुढे येईल.

तुमचा निरोप पोहोचला. (“तो भोंगा त्याच्याच घशात घाला.”) तुम्ही मगर संघाचे, मी कासव संघाचा, चषक आम्ही एका गुणाने नेला आणि शेवटच्या मिनिटाला भोंगा वाजवणारा मी, तुमचा राग मला समजतो. पण मी जे केलं ते शास्त्राला धरून केलं आणि ते पटवल्याशिवाय मी पेन खाली ठेवणार नाही.

मुळात चूक तुमच्या मगरांची. आपला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना सकाळी दहाचा. तुमची बोट वाटेत खारफुटीत थांबली, कारण कुणाला तरी खेकडे दिसले! उतरले साडेबाराला, हातात खेकडे, चेहऱ्यावर लाज नाही. आता आपला विजांचा ढग हेक्टर रोज दुपारी तीनला येतो हे बेटावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. हवामानवाल्या नोराबाईंनी (भोंगा त्यांनीच माझ्या हाती दिला, पंचवीस माणसांतून निवडून, बाकीचे चोवीस जेवायला गेले होते) मला सगळं समजावलंय. दुपारी दोन्ही किनाऱ्यांवरून समुद्राचा वारा आत शिरतो, बेटाच्या मध्यावर दोघांची टक्कर होते आणि कुणीच मागे हटत नाही, मग ती ओली हवा वर, वर, दहा मैल वर चढते. तिथे बर्फ असतो, दाजी. या उकाड्यात! आपल्या क्लबच्या फ्रीजमध्ये नाही, पण तिथे आहे. जड गारा आणि बर्फाचे बारीक कण एकमेकांवर आपटून घासतात, एक भार वर जातो, उलटा भार खाली साठतो. साठून साठून आवरेना झाला की वीज टप्प्याटप्प्याने जमिनीकडे उतरते आणि जमिनीवरचं जे उंच असेल ते तिला घ्यायला हात वर करतं. मैदानात उंच काय? गोलचे खांब. आणि तुमचा मुलगा फर्मिन.

नियम असा: वीज चमकली की मोजायचं. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर भोंगा वाजवून सामना तिथेच संपवायचा. फर्मिनच्या हातात चेंडू, समोर गोल, तीस पावलं. मारला असता तर सहा गुण, तुम्ही जिंकला असता. तेवढ्यात चमकली. मी मोजलं. भोंगा दिला. सगळं मैदान मला शिव्या देत शाळेच्या छपराखाली पळालं. फर्मिनने चेंडू आपटला आणि म्हणाला, “मामा, डोक्यावर ऊन आहे, डोळे फुटले का तुझे?” ऊन होतंच. दीड मिनिटाने त्याच उन्हात वीज उतरली आणि उजवा खांब बुडापर्यंत काळा करून गेली. चेंडू तिथून चार पावलांवर, फाटलेला. मैदानात चिटपाखरू नव्हतं. कुत्रा तेवढा काठावर होता, तो अजून खाटेखालून निघत नाही.

संध्याकाळी ताई आमच्या अंगणात आली. तुम्ही जाणताच, आपल्या रिवाजाप्रमाणे भाऊ-बहीण म्हणून आम्ही वयात आल्यापासून एकमेकांशी बोलत नाही, बघतही नाही. तिने पाठ फिरवली आणि खाटेखालच्या कुत्र्याला सांगितलं, “ऐक रे, घरातल्या माणसाला सांग, माझं लेकरू त्याच्यामुळे जिवंत आहे.” शिंपल्यांचा डबा ठेवून गेली. मी रडलो, दाजी. तेव्हापासून सारा गाव मला वीजमामा म्हणतो. आता तरी राग सोडा.

आपला,
अलोयसियस

ता.क. बोट थांबवून पकडलेले खेकडे मोठे होते म्हणे. एकही मला मिळाला नाही.

ता.क. २. मी एक्केचाळीस मोजले होते. आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि तुमच्या पोराचा नेम चुकत नाही, म्हणून भोंगा दिला. नोराबाई म्हणतात, वीज कधीकधी ढगाच्या माथ्यावरून निघून मैलोन्‌मैल दूर, कोरड्या उन्हातही पडते, त्यामुळे मी केलं ते योग्यच. मी मान डोलावली. चार रात्री झोप नाही.

ता.क. ३. उद्या सकाळी नऊला मी चषकाच्या समितीपुढे उभा राहून एक्केचाळीस सांगणार आहे. चषक परत. दहाला, हेक्टर जागा व्हायच्या आत, फर्मिन त्याच जागेवरून चेंडू मारेल. भोंगा दुसऱ्या कुणाकडे. हे ठरलंय, मला अडवू नका. पण ताईला ते समितीकडून कळू नये. मी तिला सांगू शकत नाही, कुत्रा बाहेर येत नाही, म्हणून हे पत्र चारच्या विमानाने पाठवतोय. मिळताच तिला फोन करा. आणि विचारा, तिचा डबा परत पाठवू का?

(रिकामा आहे.)