गोलपासून बारा पावलं

अण्णा,

तुम्ही गेलात त्याला चाळीस वर्षं झाली, आणि मी आज तुम्हाला पत्र सांगायला बसले आहे. सांगायलाच; लिहिता मला अजूनही येत नाही. लिहून घेते आहे ती तुमची पणती, माझ्या लेकीची मुलगी. कॉलेजात जाते, अक्षर म्हणे चांगलं आहे. असेल, मला काय कळतंय. आत्ताच तिने विचारलं, "आजी, वर 'तीर्थरूप' वगैरे घालू का?" म्हटलं, नको गं, त्यांना एवढ्या मानाची सवय नव्हती, दचकतील. गंगापूर रोडला लेकीकडे असते मी, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेले, खाली उतरणं बंद झालं, तेव्हा जे काय जग बघायचं ते फोनमध्ये. त्यात मी फुटबॉल बघते. माझ्या वयाच्या बाकीच्या मालिका बघतात. मालिकेतली सासू नव्वद मिनिटांत एक पायरी उतरते. त्यापेक्षा हे बरं.

हे वेड तुमचंच. तुम्ही शाळेच्या मैदानावर कामाला, आणि मॅचच्या दिवशी सकाळी आपण दोघं फक्की मारायला जायचो. डालड्याच्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली, आत चुन्याची पांढरी भुकटी. तुम्ही मैदानाच्या मधोमध खुंटी धरून उकिडवे बसता, मी सुतळी ताणून धरते आणि डबा हलवत हलवत उलटी चालत वर्तुळ पुरं करते. पेनल्टीचा ठिपका मात्र तुम्ही स्वतः टाकायचात, गोलच्या रेघेपासून तुमची बारा पावलं मोजून. भिंतीच्या आत पोरं पाटीवर रेघा मारायची, बाहेर मी मैदानावर. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. वाटायला लागलं तोवर केस पांढरे झाले होते. एकदा वसतिगृहाच्या पोरांनी गोल मारला आणि मी डब्यासकट नाचले, सगळी फक्की अंगावर. तुम्ही दंड धरलात. "गप उभी ऱ्हा. फक्की मारणाऱ्याला टीम नसती. आपण रेघ मारायची, कोण हरतंय-जिंकतंय ते आपलं काम नाय." एवढंच. पण ते मला जन्मभर पुरलं. सासूच्या आणि जावेच्या भांडणात मी तेच केलं, दोन्ही पोरांच्या वाटणीतही तेच. लोक म्हणायचे, बाई शहाणी आहे. शहाणी कसली, नुसती दमलेली.

तुमच्या मांडीवर खेळलेला माझा धाकटा आता इंग्लंडात असतो. चार वर्षं झाली, एका दवाखान्यात मशीनवर कामाला आहे. कायमचं राहायचा कागद अजून मिळालेला नाही. या आठवड्यात तिकडे निवडणूक झाली, आणि गंमत अशी की हा आपल्या देशाचा माणूस, पासपोर्ट आपला, तरी त्याला तिथे मत देता येतं. म्हणतो, "आई, इंग्रजांचाच जुना नियम आहे." म्हटलं, आपल्यावर राज्य केलं त्याची फेड का काय. तिथे बोटाला शाई नाही. दोरीला बांधलेली पेन्सिल असते, आपल्या माणसासमोर फुली मारायची आणि घरी जायचं. फुली! एवढं तर मलाही आलं असतं, आणि मी इथे आयुष्यभर अंगठा काळा करत आले. मॅचला हा निळ्या टीमचा, मत मात्र लाल रंगाला. मी म्हटलं, "अरे, एक काहीतरी धर." तर म्हणतो, "आई, टीम बदलत नाही गं कोणी, मत बदलतं." आपल्याकडे, अण्णा, निवडून आलेलेच जर्सी बदलतात, तेही हाफटाइमला.

प्रचारात सगळेच थोडं थोडं म्हणत होते की बाहेरून येणाऱ्यांना आवर घालू. एक जण जरा जास्त मोठ्याने म्हणत होता. त्याचं भाषण फोनवर आलं की धाकट्याचा आवाज बारीक व्हायचा. "हे आले तर कागदाचं अवघड आहे, आई. परत यावं लागेल." मी म्हणायची, "होईल ते बरंच होईल. मला काय त्यातलं कळतं." टीम नसलेल्या बाईसारखी.

त्यांची रात्रभर मोजणी म्हणजे आपली सकाळ. मी चहाचा कप घेऊन फोनसमोर बसले होते. आदल्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावलेला, लेक म्हणाली, "बघा, दादासाठी लावला आईने." हो, त्याच्यासाठीच. लाल रंगवाले जिंकले. मोठ्या आवाजाच्या माणसाच्या पदरात चारदोन जागा पडल्या. आणि माझा चहा गार झाला, अण्णा, कारण मी त्या माणसासाठी दिवा लावला होता.

इथे पेन थांबलं आहे. पोरगी माझ्याकडे बघते आहे. "आजी, ते मामाला हाकलायला निघाले होते!" लिही गं. हाकललं असतं तर इथेच आला असता ना? एका खोलीत निजला असता, सकाळी चहा मागितला असता. "मामाला कळलं तर?" म्हणून तर पोस्टात टाकायचं नाही. लिही.

नऊच्या सुमारास त्याचा फोन. रात्रभर जागा, पण आवाज कसा मोकळा. म्हणाला, "आई, आता भीती नाही फारशी. इथे एक छोटं घर बघितलंय. घेऊ का? तू सांग. तू नको म्हणालीस तर दोन वर्षांत गाशा गुंडाळून येतो, खरंच येतो." चार वर्षांत पहिल्यांदा मला ठिपका टाकायला दिला त्याने. मी म्हटलं, दोन दिवस दे.

दुसऱ्या दिवशी इंग्लंडची मॅच, तीही पेनल्टीवर गेली. पाच जण आले, पाची गोल. मी एकाचाही चेंडू बघितला नाही. मी ठिपका बघत होते. तुम्हाला आठवत असेल, लष्कराच्या कॅम्पातली टीम आली होती, वसतिगृहाच्या पोरांशी मॅच. तुम्हाला ताप. हाफटाइमला म्हणालात, "ठिपका पुसलाय, टाकून ये. माझी बारा म्हंजी तुझी पंधरा." नंतर त्याच ठिपक्यावरून आमच्या पोरांनी पेनल्टी मारली, जिंकले. कॅम्पाच्या कप्तानाने टेप लावली तर ठिपका जवळ. शाळेचे खेळाचे सर तुमच्यावर सगळ्यांसमोर ओरडले, "बारा मोजता येत नाही तुला?" तुम्ही टोपी काढून उभे. "चुकलं साहेब." घरी जाताना मला एवढंच विचारलंत, "पंधरा टाकलीस ना?" मी म्हटलं, टाकली. "मग माझाच हिशोब चुकला." त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही प्रत्येक ठिपका दोनदा मोजायचात. मी बघायची आणि गप्प राहायची.

आज सकाळी धाकट्याला फोन लावायला सांगितला. म्हटलं, "घर घे. खिडकी मोठी बघ, तिकडे ऊन कमी." तो रडला बहुतेक, नाहीतर फोन खरखरला असेल. या वेळी पुरी मोजली, अण्णा. एक पाऊलही माझ्याकडे सरकवलं नाही.

त्या दिवशी मी तेराच टाकली होती. आकडे मला तेव्हाही येत होते.