ओडिलबाईंची गाणी आणि माझा ग्रंथ

गेंट, बेल्जियम, ३ फेब्रुवारी
आजपासून ग्रंथ, कवितांना चाल लावून पियानोसोबत गातात त्या गाण्यांवर. ‘डच आणि बेल्जियन कलागीतं : समग्र इतिहास.’ आजवर कुणी लिहिला नाही, कारण कुणी मनावर घेतलं नाही. मी घेतलंय. वर्षअखेर छापून तयार.

९ फेब्रुवारी
मदतीला दोन माणसं. लीव्ह पियानो वाजवते, योरिस चर्चमध्ये गातो. योरिस म्हणाला, डच गाण्यांवर प्रकरण कशाला, हॉलंडवाले गातायत की घसा साफ करतायत हेच कळत नाही. विनोद बरा आहे. तळटीपेत घालू.

१२ फेब्रुवारी
लीव्हने मोठी बातमी आणली. जवळच्या आल्स्ट गावी वृद्धाश्रमात ओडिलबाई आहेत, नव्वदीच्या पुढे. नवरा संगीतकार होता. त्याची गाणी कधी छापली नाहीत, कागद तळघरात पाणी शिरून गेले. आता ती फक्त बाईंना पाठ. लीव्ह म्हणाली, उद्याच जा. मी म्हटलं, आधी प्रस्तावना. कामाला शिस्त नको?

१५ फेब्रुवारी
आल्स्टला कार्निव्हल. त्या धिंगाण्यात कोण जाणार!

९ मार्च
रेल्वेचा संप. प्रस्तावना जवळजवळ झाली. डोक्यात.

२४ मार्च
लीव्हचा फोन. बाई थकत चालल्यात, तुला कळतंय का, म्हणून ओरडली. कलावंत माणसं, लगेच भावनेच्या भरात. दाढ दुखतेय.

७ एप्रिल
गेलो एकदाचा! चॉकलेटं नेली, रेकॉर्डर लावला. दुपारभर बसलो. बाईंना माझी प्रकरणांची मांडणी फार आवडली असावी. एकटक बघत होत्या. निघताना म्हणाल्या, बाळा, दमलास हो. किती माया!

१९ एप्रिल
ओडिलबाई गेल्या. काय करावं सुचत नाही. पण रेकॉर्डिंग आहे. देवाची कृपा.

२० एप्रिल
लीव्ह आणि योरिस आले. अंत्यविधीला नवऱ्याचंच एखादं गाणं म्हणायचं, ऐकून बसवू म्हणाले. मी ऐटीत रेकॉर्डर लावला.

माझी प्रस्तावना. माझं पहिलं प्रकरण. माझं दुसरं. मध्येच बाईंचा आवाज, बारीक पण सच्चा. त्यावर लगेच मी : बाई, एक मिनिट, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पुढे त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा मी.

योरिस म्हणाला, अरे, गप्प का नाही बसलास रे? लीव्ह उठली. कोट घातला आणि गेली. योरिसही गेला.

संध्याकाळी एकट्याने परत लावलं. वाटलं, कुठेतरी निसटलं असेल, एखादं तरी कडवं पुरं असेल. शेवटपर्यंत ऐकलं.

बाई श्वास घेतात. सूर लावतात. आणि मी बोलतो.