हरळीचा बंदोबस्त

१४ मार्च १९७७
ट्रॅक्टर आला. तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराने वापरलेला, लाल, अंगाने लहान. द्राक्षांच्या दोन ओळींमधून जावा म्हणून मुद्दामच अरुंद असतो. शेजारचा कोंडीबा म्हणाला, "हवालदार, ह्यो मोटा कवा हुनार?" अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं आहे.

रहिमतपूरचा मिस्त्री निजाम तो चालवत घेऊन आला. मी मडगार्डवर बसलो होतो. फौजेत अठरा वर्षं मी स्टोअरला होतो हे खरं, पण ड्रायव्हरच्या बाजूला बसून सगळा हिंदुस्थान फिरलोय. बाजूला बसणारा जास्त शिकतो. त्याचे हात मोकळे असतात.

१५ मार्च
उद्दिष्ट लिहून ठेवतो. घरामागचा माळ. वडील गेल्यापासून पड. सगळं हरळीचं गवत माजलेलं. पूर्वेला उंचवटा, पश्चिमेला खड्डा. नाथाजीदादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, तो कोंडीबाला वाट्याने द्यायला निघाले होते. मी म्हणालो, मी आता कायमचा घरी आलोय ना. दादा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मिरगापतुर बग."

म्हणजे मृग लागायच्या आत माळ मोडायचा, माती हलवून सपाट करायचा आणि भुईमूग पेरायचा. मग या घरात मला कोणी पाहुणा समजणार नाही. आताही तसं कोणी म्हणत नाही. पण राहीबाईवहिनी अजून मला चहासोबत बशीत बिस्किटं देतात. दादांना देत नाहीत.

१७ मार्च
पहिली ट्रायल. क्लच आणि ब्रेकची जागा मी समजत होतो त्यापेक्षा वेगळी आहे. मनूने, म्हणजे बायकोने, अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या. अशा गोष्टींची आगाऊ सूचना मिळायला हवी. मनू म्हणाली, "आवं, अंगन काय आज झालंय व्हय?" मी तिला समजावलं की कुरडया नाहीतरी मोडूनच खातात.

१९ मार्च
नांगर जोडला. हरळी म्हणजे जमिनीवर अंथरलेली सतरंजी आहे. नांगर वरून घसरतो आणि ट्रॅक्टर पुढून उठतो. निजामच्या सांगण्यावरून तोंडाला दगड बांधले. मग नांगर घुसला. हरळीच्या लाद्या सुटून उलट्या पडायला लागल्या. फार देखणं काम. दुसऱ्या फेरीला निम्म्या लाद्या परत सुलट्या झाल्या. जमिनीत जोर आहे.

२४ मार्च
सल्ले सुरू झाले. दादा, वहिनी, कोंडीबा, मनू, सगळ्यांचं एकच. नांगरट उन्हात तापू द्यायची आणि मुळ्या हाताने वेचून काढायच्या. दारात जीप उभी असताना पायी गस्त घालण्यासारखं आहे हे. मुळ्यांचे बारीक तुकडे केले की विषय संपतो. तव्यांचा कुळव, म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढायच्या लोखंडी चकत्या, मागवला आहे. तव्यांना धार असते.

२६ मार्च
जमीन फार कडक. तवे वरच्यावर वाजतात. विहिरीचं पाणी सोडून माळ भिजवला. दादांच्या उसाची पाळी होती. एका पाळीने उसाला काही होत नाही. दादा काही बोलले नाहीत, त्याअर्थी त्यांनाही पटलं असावं.

२८ मार्च
कुळव आडवा मारला, उभा मारला. हरळीचा अक्षरशः कीस झाला. कोंडीबा बांधावर उभा राहून म्हणाला, "हवालदार, बेनं लय झ्याक तयार केलंसा. आता निस्तं पानी द्या." बेणं उसाचं असतं. हा हरळीबद्दल काय बोलत होता कळलं नाही. त्याच्या डोक्यातून ऊस जात नाही.

६ एप्रिल
माती हलवण्याचं काम जोरात. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी फळी लावून उंचवट्याची माती ओढायची आणि खड्ड्यात सोडायची. उंचवट्याच्या जागी पांढरा मुरूम दिसू लागला आहे. स्वच्छ वाटतं. मनू म्हणाली, "वरची सगळी साय खाली घालवलीसा." मी म्हणालो, साय एकाच भांड्यात गोळा करतात. ती कपाळाला हात लावून आत गेली.

९ एप्रिल
माती थोडी जास्त गेली. आता उंचवटा पश्चिमेला आणि खड्डा पूर्वेला आहे. सपाटीकरणात असा मधला टप्पा येतोच. लेव्हल बघायला पाणी सोडलं. पूर्वी ते माळावरच थांबायचं. आज थेट गोठ्याकडे गेलं. दादांच्या कडब्याची गंज बुडाशी भिजली. वहिनी आणि मनू दिवसभर पेंढ्या उन्हात मांडत होत्या. उन्हाळाभर जनावरांना तेवढाच कडबा. दादा एवढंच म्हणाले, "पानी कुटं जानार ते बगायचं असतं, आकाराम." तेच तर मी बघत होतो.

१२ एप्रिल
कडब्याचं मनाला लागलं. दादांसाठी काहीतरी केलं पाहिजे. ते लेकीकडे वडूजला गेले आहेत. विहिरीकडचं त्यांचं हळदीचं वावर एका कोपऱ्यात दबलेलं आहे. माळावरची उरलेली काळी माती ट्रॉलीत भरून तिथे टाकली. मग वाटलं, कोपऱ्यालाच का? सगळ्या वावरात पसरली. ट्रॅक्टर असा कधी चालला नव्हता. एकदाही बंद पडला नाही.

१४ एप्रिल
दादा आले. वावरात उभे राहिले. मूठभर माती उचलली, त्यातून हरळीचं एक पेर काढलं आणि बंडीच्या खिशात टाकलं. मी म्हणालो, दादा, कशी वाटली माती? म्हणाले, "माती चांगली हाय."

२१ एप्रिल
अक्षय तृतीया. हळद लावली. घरात बेणं येऊन पडलं होतं, मुहूर्त कोण चुकवणार? लावायच्या आधी दादा आणि वहिनी दोन दिवस वावरात काहीतरी वेचत होते. मी मदत विचारली. वहिनी म्हणाल्या, "नगं भावजी, तुमी बसा."

४ मे
पावसाचा थेंब नाही आणि माळ हिरवागार! उगवण शंभर टक्के. काय उगवलं आहे हा पुढचा प्रश्न.

७ मे
तव्यांच्या आसाला हरळी गुंडाळून बेअरिंग गेलं. निजाम म्हणाला, पार्ट मिळाला तर मिरजेत. मिरजेला गेलो. याचा नाही मिळाला, साधारण याच्यासारखा मिळाला. निजामने तो हातात घेऊन वरखाली बघितला आणि मला चहा पाजला.

१५ मे
हळदीत हरळी निघाली. एका कोपऱ्यात नाही, सगळीकडे. हळदीच्या कोंबाआधी ती वर आली. दादा, वहिनी आणि मनू पहाटेच खुरपी घेऊन जातात. मी ट्रॅक्टरपाशी असतो. त्याच्याकडे कोणीतरी बघायला हवं.

जेवताना मनू म्हणाली, "तुमी फौजेत हुता तवर त्या वावरात हरळीची काडी न्हवती. दादांनी डोळ्यात तेल घालून जपलंय." मी म्हणालो, मग दादा मला काही बोलले का? एक शब्द तरी? ती म्हणाली, "त्येच म्हनतिया मी. एक शबुद न्हाई." आणि भाकरी अर्धी ठेवून उठली.

भाकरी छान झाली होती. मलाही गेली नाही.

२९ मे
कोंडीबा दादांकडे आला. आता त्याला माळ वाट्याने नको आहे. म्हशी चारायला हवा आहे. म्हणाला, असलं दाट गवत आसपासच्या गावात कुठं न्हाई. दादांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणालो. म्हशी उन्हाच्या वेळी ट्रॅक्टरच्या सावलीला बसतात. एकूण माळ वापरात आला.

८ जून
मृग लागला. भुईमूग पेरायचा नाही.

सकाळी कोणी सांगितलं नव्हतं, पण हळदीत गेलो. दादांच्या बाजूची ओळ धरून बसलो. त्यांनी वर बघितलं नाही, फक्त एक रिकामी पाटी माझ्याकडे सरकवली. थोड्या वेळाने म्हणाले, "वडू नगंस. तुटतंय. बोटं खाली घाल."

बोटं खाली घातली. फौजेत माणूस सरळ रेषेत काम करायला शिकतो. दुपारपर्यंत माझी ओळ पूर्ण झाली. पाटी अर्धीही भरली नव्हती, यावरून ओळीत फारसं काही नव्हतं असं दिसतं. कंबर धरून उभा राहिलो आणि मागे बघितलं.

दादा माझ्याच ओळीतून मागून येत होते. त्यांची पाटी भरली होती.