उभा टांगलेला नांगर

रविवार, संध्याकाळ

आजची फजिती लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. जाईल का?

सासरे माढ्याहून आलेत. त्यांना माझी नवी होडी दाखवायला सकाळी उजनीच्या पाण्यावर नेलं. सुजाताही होती. काठावरच्या बाभळीसमोर नांगर सोडला आणि तो तळाला टेकताच दोर ताठ ओढून बांधला. ढिला दोर म्हणजे गबाळेपणा, अशी माझी समजूत. वर म्हणालो, "मामा, आता होडी जागची हलणार नाही." कशाला बोललो?

भाकरी आणि शेंगांच्या चटणीची शिदोरी सोडली. दोन घास झाले आणि सुजाता म्हणाली, "अहो, ती बाभळ कुठं चालली?" मी म्हणालो, लाटांमुळे तसा भास होतो. भास! तिसऱ्या घासाला बाभळ पार मागं पडली आणि आम्ही कुणाच्या तरी मासेमारीच्या जाळ्यात शिरायच्या बेतात.

मामांनी हात धुतले, दोराकडे बघितलं. "पाव्हणं, नांगर हाय न्हवं ह्यो? मग आडवा वढला तरच रुतंल की. उभा टांगून कुणी रान नांगरलंय व्हय?"

त्यांनी दोर सोडला, चांगला खोलीच्या पाचपट. होडी थोडी सरकली, हिसका बसला आणि जागच्या जागी थांबली. मामा आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसले होते. आणि सातबाऱ्यावर शेतकरी म्हणून नाव आहे माझं!

परतताना गाडीतून मोहोळपर्यंत दिसेल ती बाभळ दाखवून सुजाता विचारत होती, "अहो, ही पण चालली. भासच ना?"