लालसाब बेपत्ता आहे

२ मार्च १९३३, सोलापूर
दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. एकट्या ख्रिस्ती बाईला कुणी खोली देईना; जैनबीने दिली, वर पहिल्याच संध्याकाळी गरम भाकरी आणि शेंगांची चटणी. नगर सोडल्याचं दुःख तिथंच विरलं. विड्या वळताना ती छान गुणगुणते. पुढच्या भागात तिच्या दिराचे, दस्तगीरचे, माग चालतात. अंगणापलीकडच्या खोलीला मात्र कुलूप आहे.

९ मार्च
ती खोली जैनबीच्या नवऱ्याची. लालसाब पाच वर्षांपूर्वी बेपत्ता झाला. मागही त्याचेच, भाऊ येईपर्यंत सांभाळतो, असं दस्तगीर सांगतो. जैनबीला एका भल्या विणकराची मागणी आली आहे, म्हणून आम्ही काझीसाहेबांकडे गेलो. इकडचे मुसलमान पाळतात त्या हनफी मताप्रमाणे बेपत्ता नवरा नव्वदीचा होईतो जिवंतच धरायचा. दुसऱ्या, मालिकी मताने चार वर्षं पुरतात, पण तसा निकाल द्यायचा अधिकार मला नाही, असं ते खाली मान घालून म्हणाले. वकील म्हणाला, सरकारी कायद्याला सात वर्षं हवीत, आणि तीही लग्नाला चालतीलच असं नाही. लालसाब तिशीतला. म्हणजे हिने म्हातारी होऊन मरायचं! माझं डोकं फिरलं.

वाटेत जैनबी एवढंच म्हणाली, “सवाशीण न्हाय, रांडबी न्हाय. मी हाय तरी कोण?”

१७ मार्च
बंद खोलीत कुणीतरी खोकतं. भर दुपारी. तोंडात माती गेल्यासारखं. जैनबी म्हणते, खोकला त्यांचाच. दस्तगीरला विचारलं तर तो पांढराफटक पडला आणि मलाच खोली सोड म्हणाला. सोडणार नाही. याने भावाला कोंडून ठेवलंय की काय?

२१ मार्च
दस्तगीर सूत आणायला गेला. कुलूप फोडलं. आत कुणी नाही. कोपऱ्यातली जमीन ओली. पहारीने उकरली— हाडं. बोटात चांदीची अंगठी. जैनबीने ओळखली. रडली नाही. स्वतः पुरून हा हरामखोर दीर तिला वाट बघ म्हणत होता! भाऊ कायद्याने जिवंत, तोवर माग याच्या हातात.

थोड्या वेळाने
दस्तगीर आला. उघडं दार बघून आत धावला. जैनबीने बाहेरून कडी घातली. मी पोलिसांकडे निघाले तर ती माझा हात सोडेना. तो दार बडवतोय. मागांसाठी मारलं म्हणतो, दार उघडा म्हणतो. मला दया येत नाही.

खोकला— दस्तगीरचा नव्हे—

बडवणं थांबलं.

आतून तिला हाक. घोगरी. हळू. जैनबी कडीकडे— मी पदर धरलाय— ती म्हणते, “आले की”— नको, जैनबी, तो मेलाय, तू मोकळी आ—