दीड मिलिमीटर

येरवडा,
१५ मार्च २००५

चि. सुखदेव यास,
भीमरावचा जय भीम. आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत. वि. वि.

शुक्रवारी तू फोन आपटलास म्हणून हे पत्र. पत्र कानाआड करता येत नाही, आणि माझं अक्षर दिसल्यावर तुला वाचल्याशिवाय राहवणार नाही एवढा मी तुला ओळखतो. येरवड्याहून कर्वेनगरला टपाल तीन दिवस घेतं. तेवढ्यात तुझं डोकं थंड होईल. माझं होणार नाही.

काय झालं ते एकदा नीट लिहितो, म्हणजे मागाहून ‘मला कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणायला नको. प्रियदर्शनीच्या आयटी कंपनीत आग विझवायच्या फवाऱ्यांचे पाइप छतातून फिरवले आहेत. त्यांतलं पाणी वर्षानुवर्षं हलत नाही. काळं पडतं, कुजतं. ते उलटं फिरून पिण्याच्या लाइनीत शिरू नये म्हणून मधे बॅकफ्लोचा व्हॉल्व्ह असतो, आणि त्या व्हॉल्व्हचा सगळा जीव आतल्या दोन रबरी चकत्यांत असतो. ऑक्टोबरात त्या फाटल्या. मूळ कंपनीचा किट परदेशातून यायला चौदा आठवडे लागणार होते, म्हणून तुझ्या वर्कशॉपातल्या चकत्या घातल्या. गेल्या गुरुवारी नेहमीसारखं शहराचं पाणी बंद होतं. लाइनीतला दाब उतरला, तुझ्या चकत्यांनी दार सताड उघडं सोडलं, आणि फवाऱ्यांचं कुजकं पाणी कॅन्टीनच्या नळाला आलं. एकेचाळीस माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. तिथली मेंटेनन्स इंजिनियर माझी पोर. कागदावर सही तिची. तिला घरी बसवलं आहे.

चार एप्रिलला चौकशी आहे. त्याआधी तू लिहून द्यायचंस की चकत्या मूळ कंपनीच्याच आहेत असं सांगून मी पुतणीला फसवलं. एवढ्याने ती सुटेल. तुझं काय होईल याची काळजी करायला आता माझ्याकडे वेळ नाही.

विजयमालास जय भीम. तिचा यात काही दोष नाही, तुझ्याशी संसार केला एवढाच.

कळावे. लोभ होता.
भीमराव


कर्वेनगर,
१९ मार्च २००५

ती. दादांस,
सुखदेवचा सा. न. जय भीम. वि. वि.

फोन मी आपटला नाही. आपण मला चोर म्हणालात, त्यापुढे ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ठेवला. एकेचाळीस माणसांचं वाचून काय वाटलं ते मी आपल्यापाशी बोलणार नाही, कारण त्यालाही आपण नाटक म्हणाल.

आता चकत्यांचं. मी त्या मूळ कंपनीच्या म्हणून दिलेल्या नाहीत. प्रत्येकीवर माझा शिक्का आहे. प्रियदर्शनीला तोंडावर सांगितलं होतं की या काकाच्या आहेत, परदेशच्या नाहीत. बसवल्या त्या दिवशी तिने माझ्यासमोर दाबाची चाचणी घेतली आणि काटा तसूभर हलला नाही. मग फसवलं कुणी?

माझ्या मालाला आपण डुप्लिकेट म्हणता. पंचाऐंशी साली परदेशी स्पेअरला लायसन लागायचं तेव्हा पिंपरीच्या कारखान्यात आपणच नमुन्यावरून पार्ट बनवत होतात, आणि साहेब लोक आपली पाठ थोपटत होते. तेव्हा ती कारागिरी होती. मला मशीनवर उभंही आपणच केलंत. पुढे बाजार उघडला, आपला कारखाना बंद पडला, आणि त्याच कामाला आपण डुप्लिकेट म्हणायला लागलात. माझ्या वर्कशॉपाला नऊ वर्षं झाली. येरवड्याहून येणाऱ्या बसला आमचा थांबा सापडत नसावा, म्हणून आपले पाय अजून लागले नाहीत.

खोटं लिहून देणार नाही. माझ्याकडे सहा माणसं काम करतात, त्यांना उद्या कोण दारात उभं करेल? नमुना मिळाला तशी चकती केली. नमुना कुणी दिला हे मात्र आपल्या पत्रात कुठे दिसलं नाही. शाई संपली असेल.

प्रियदर्शनीला सांभाळा. रागाच्या भरात तिला विसरू नका.

लोभाचं आपण बघा. माझा आहे तिथेच आहे.
सुखदेव


येरवडा,
२३ मार्च २००५

सुखदेव यास,
जय भीम. वि. वि.

शाई भरपूर आहे. नमुना मी दिला. लपवलंय कुणी? फाटलेल्या चकत्यांचं माप निघत नव्हतं. आमच्या कारखान्यात याच कंपनीचा व्हॉल्व्ह होता, म्हणून माझ्या बिस्किटाच्या डब्यातली कोरी चकती मी स्वतः तुझ्या हातावर ठेवली आणि सांगितलं की ही कोरी आहे, हिच्यावरून बनव. माझ्या डब्यातली वस्तू कशी असते ते तू लहानपणापासून बघतो आहेस. साबणाने धुतलेली, पावडर लावलेली, कागदात गुंडाळलेली. तीस वर्षं मी पार्ट हाताळले. मला कोरं-जुनं कळत नाही असं म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हण.

नमुना चोख दिला होता. खोट तुझ्या रबरात आहे, नाहीतर तुझ्या हातात. घाईने पाट्या टाकायची सवय तुझी लहानपणची.

मजकूर टाइप करून सोबत पाठवला आहे. ‘मूळ कंपनीचा माल म्हणून दिला’ असं त्यात लिहिलं आहे. खाली सही कर आणि उलट टपाली पाठव. तुला फार कष्ट पडू नयेत म्हणून पाकिटावर तिकीटही लावलं आहे.

आणि ऐक. दर चौदा एप्रिलला तू बायकापोरांसह आमच्याकडे येतोस, आणि आपण दोघं मिळून बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो. सही आली नाही तर यंदा येऊ नकोस. माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही.

कळावे असं लिहीत नाही. कळलंच असेल.
भीमराव


येरवडा,
२६ मार्च २००५

ती. काकांस,
प्रियदर्शनीचा सा. न. जय भीम. वि. वि.

बाबांनी तुम्हाला टाइप केलेला कागद पाठवल्याचं मला आज कळलं. प्लीज, त्यावर सही करू नका. फोन करणार होते, पण बाबा फोनजवळच खुर्ची टाकून बसलेले असतात.

माझी चूक मला माहीत आहे. तपासणीच्या फॉर्मवर ‘मूळ कंपनीचे सुटे भाग वापरले’ असा रकाना होता आणि मी त्यावर टिक केलं. तुम्ही सांगूनही केलं. बाबा म्हणाले की रबर ते रबर, एवढं काय मनावर घ्यायचं. पण पेन माझ्या हातात होतं.

काल ससूनला जाऊन आले. आमच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या कांताबाई सहा दिवस सलाइनवर होत्या. त्या म्हणाल्या की पाण्याला वास होता, पण औषध टाकलं असेल असं समजून त्या प्यायल्या. मला चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट मीच वाळले म्हणून त्यांनी मला सफरचंद दिलं. ते अजून पर्समध्ये आहे.

लॅबचा रिपोर्ट आला आहे. रबर उत्तम आहे, काका. पण तुमच्या दोन्ही चकत्या मूळ ड्रॉइंगपेक्षा दीड मिलिमीटर पातळ निघाल्या. दोन्ही अगदी सारख्या. नवं रबर मऊ असतं म्हणून चाचणीच्या दिवशी बसल्या. पाच महिन्यांत दबल्या आणि फट राहिली. चार तारखेला मला विचारणार आहेत की हे दीड मिलिमीटर कुठे गेलं. मला खरं उत्तर द्यायचं आहे, आणि ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा. मला सोडवायला नको, नुसतं सांगा.

काकूंना नमस्कार. तुमचा राग असला तरी मला चालेल, पण बोलणं टाकू नका.
तुमची,
प्रियदर्शनी


कर्वेनगर,
३० मार्च २००५

ती. दादांस,
सुखदेवचा सा. न. जय भीम. वि. वि.

तुमचा टाइप केलेला कागद सहीशिवाय परत पाठवतो आहे. तिकीट मात्र वापरलं, वाया जायला नको.

प्रियदर्शनीने पत्रात दीड मिलिमीटरचा हिशेब विचारला. ते वाचून वर्कशॉपात गेलो आणि तुमचा नमुना शोधून काढला. तुम्ही दिला होता त्याच खाकी कागदात होता. कागद पहिल्यांदाच पूर्ण उलगडला तर आतल्या घडीत एक चिठ्ठी निघाली. चकती आणि चिठ्ठी दोन्ही सोबत आहेत. अक्षर ओळखीचं वाटतं का बघा. नसेल वाटत तर इथे उतरवून देतो:

‘१९९६. व्हॉल्व्हमधून काढली. दीड मि.मी. झिजली आहे. फक्त वॉशर कापायला ठेवणे.’

तुम्ही ती मोजली होतीत, दादा. लिहूनही ठेवलं होतंत. मग धुतलीत, पावडर लावलीत, आणि आठ वर्षांनी स्वतःच्याच डब्यातून कोरी म्हणून काढलीत. माझ्या रबराला, माझ्या हाताला, माझ्या लहानपणालाही नावं ठेवून झाली. आता कुणाला ठेवता?

माझीही चूक सांगतो, नाहीतर तुम्ही सांगालच. व्हर्नियर माझ्या टेबलावर होता. व्हॉल्व्हच्या पितळी बैठकीशी ताडून बघायला हवं होतं. गिऱ्हाइकाने आणलेला प्रत्येक नमुना मी मोजतो. तुमचा मोजला नाही. दादा कोरी म्हणाला म्हणजे कोरी. तुमच्या शब्दाला मोजमाप लावायचं मला कधी सुचलंच नाही, आणि तुम्ही सुचूही दिलं नसतंत.

चिठ्ठीची झेरॉक्स काढलेली नाही. चौकशीत दाखवायची की मुळा नदीत टाकायची ते तुमचं तुम्ही ठरवा. प्रियदर्शनीला मी उत्तर लिहिलेलं नाही. तिला हवं ते उत्तर आता तुमच्याच घरात आहे.

चौदा तारखेचा निरोप पोचला. येत नाही.

आपला लोभ नसला तरी धाकटा भाऊ आहेच.
सुखदेव


येरवडा,
१६ एप्रिल २००५

चि. सुखदेव यास,
भीमरावचा जय भीम. वि. वि.

तुझं पाकीट दोन तारखेला मिळालं. चिठ्ठी मी चार वेळा वाचली. नदीवर जाऊनही आलो, हे तुला सांगून टाकतो. पुलावर उभा राहिलो आणि परत आलो.

चौकशीला मी प्रियदर्शनीबरोबर गेलो. मला आत घेणार नव्हते. नमुना माझा आहे असं सांगितल्यावर घेतलं. चकती आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. रबर ते रबर असं मीच म्हणालो होतो, तेही सांगितलं. त्यांच्यातल्या एका पोरगेल्या साहेबाने विचारलं की आजोबा, झिजलेला पार्ट तुम्ही आठ वर्षं धुऊन पुसून का ठेवलात? कारखाना बंद झाल्यावर मी घरी काय आणलं होतं, तर तो एक डबा. हे त्याला काय सांगायचं?

तुझ्यावर ठपका नाही. तुझा शिक्का होता आणि तू आधी सांगितलं होतंस, हे प्रियदर्शनीनेच नोंदवून घेतलं. तिची नोकरी मात्र गेली. ती त्या टिकमुळे गेली, चकतीमुळे नाही, असं ती म्हणते. मला बरं वाटावं म्हणून म्हणते का खरंच, ते मी विचारलं नाही. कांताबाई कामावर आल्या आहेत. त्या आमच्याकडेही येऊन गेल्या. त्यांना चहाला पाणी कुठलं वापरलं हे सांगायची वेळ माझ्यावर आली.

परवा प्रियदर्शनीने डबा जमिनीवर उपडा केला, व्हर्नियर माझ्या हातात दिला आणि एकेक वस्तू मोजायला लावली. त्रेसष्ट निघाल्या. सगळ्या पावडर लावलेल्या, सगळ्या चकचकीत. एकही कोरी नाही.

आता तुझं. तू मोजलं नाहीस ही तुझी चूक, आणि ती मी मरेपर्यंत सांगणार. मी लिहिलं आणि विसरलो ही माझी. ती तू सांगत जा. तुला चोर म्हणालो ते मागे घेतो. बाकीचं सगळं तसंच आहे.

चौदा तारखेला सकाळी दहापर्यंत हार घेऊन फाटकात उभा होतो. मग एकटाच गेलो. हार दोघांनी धरायचा म्हणून मोठा घेतला होता, एकट्याच्या हाताला आवरला नाही. मी येऊ नकोस म्हणालो आणि तू आला नाहीस. माझा शब्द तू नेहमीच पाळत आलास, सुखदेव. हाही मोजून बघायचा होतास.

विजयमालास आणि मुलांस आशीर्वाद. राखून ठेवलेले तुझे, तेही यात धर.
भीमराव