पाठीला लागलेला आवाज

२ फेब्रुवारी

एकदाचं बिऱ्हाड हललं! तळमजल्याचं घर, तीन खोल्या, आणि मागच्या बाजूला एक खोली फक्त माझी. आजवर गाण्यांचं मिक्सिंग मी झोपायच्या खोलीत, कपाटाला पाठ लावून केलं. आता दार लावून घेता येईल. टेबल खिडकीपाशी मांडलं, दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीला आणले, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जुन्या रजया ताणून बसवल्या. बायको म्हणाली, हा स्टुडिओ आहे की धुणं वाळत घातलंय?

ती सकाळी दवाखान्याच्या कचेरीत जाते ती दिवेलागणीला येते. दिवसभर घरात मी आणि सासरे. त्यांना मीही बाबाच म्हणतो. पत्र्याचे डबे ठोकायच्या कारखान्यात त्यांचा उभा जन्म गेला, आता ठार बहिरे आहेत. ‘कान तिकडेच जमा करून आलो,’ असं स्वतःच सांगून हसतात. आवाज मात्र खणखणीत. बोलायला लागले की शेजाऱ्यांना फुकट बातम्या. माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून चांगली सोबत कुठली मिळणार? कितीही वाजवा, तक्रार नाही.

६ फेब्रुवारी

आज कुठे तोंड लपवू असं झालं. ज्या संगीतकाराची गाणी माझ्याकडे येतात, ज्याला आम्ही सगळे दाढीवाला म्हणतो, त्याने माझं मिक्स गाडीत लावलं. दारं थडथडायला लागली आणि गायिकेचा आवाज पार बुडाला. चार माणसांदेखत त्याने विचारलं, ‘अरे, खाली काय चाललंय ते तुला ऐकू तरी येतं का?’

येत नव्हतं, हेच खरं. माझे स्पीकर लहान. ढोलाचा, बेस गिटारचा सगळ्यात खालचा आवाज त्यांना पेलतच नाही. तेवढा भाग मी अंदाजपंचे ठेवतो. तिथे मान हलवली, हसलोसुद्धा. घरी येताच सबवूफर मागवला, फक्त खालचे सूर वाजवणारा जादा स्पीकर. बायकोला सांगितलं, कामाची गरज आहे. चार माणसांची गोष्ट सांगितली नाही.

१० फेब्रुवारी

सबवूफर आला; आमच्या धंद्यात त्याला नुसतं ‘सब’ म्हणतात. गुडघ्याएवढा काळा खोका, पण उचलताना कंबर बोलली.

त्याची जागा शोधायची रीत मोठी मजेची. तो आपल्या खुर्चीवर ठेवायचा, एकच खर्जातला सूर चालू करायचा आणि आपण जमिनीलगत कान नेत खोलीभर रांगायचं. जिथे सूर भरून आणि स्वच्छ येईल ती त्याची जागा. मी असा चार पायांवर असताना मागे वळून बघतो तर दारात बाबा! ‘जावईबापू, काही हरवलं का?’ एवढ्या मोठ्याने, की रस्त्यावरचा माणूस थांबला असेल. कानशिलं तापली माझी.

खिडकीच्या डावीकडच्या कोपऱ्यात सूर असा लागला की छातीत भरून राहिला. मी तो बंद केला तरी कोपरा जरा वेळ गुणगुणत होता. रिकाम्या जागा घुमतातच. सब तिथेच बसवला.

मग बाबांनी सहज त्याच्यावर तळवा टेकला आणि त्यांचा चेहराच बदलला. खाली बसले, पाठ लावली, डोळे मिटले. ‘अरे, मला ऐकू येतंय,’ म्हणाले. हळू म्हणाले. त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी बायकोला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. मला म्हणाली, तू माझ्या बाबांसाठी केवढं केलंस.

१४ फेब्रुवारी

बाबा रोज उशी घेऊन हजर. पाठ सबला, पाय लांब, मांडीवर चहाचा कप. आणि काय सांगू, खोली बदलली! ढोल वाजला की तळाला एक ऊबदार हुंकार येतो, जो मूळ गाण्यात नाही. इतका सुंदर की मोह आवरेना. कोपऱ्यात माइक ठेवून तो टिपला आणि गाण्याखाली अस्तरासारखा लावला.

दाढीवाल्याचा फोन. गाडी बाजूला घेऊन ऐकलं म्हणे, अंगावर काटा आला. हा खर्ज आणलास कुठून? मी म्हटलं, कानाची तालीम. चटकन म्हटलं.

१७ फेब्रुवारी

बाबांना बायकोने डोळे तपासायला नेलं होतं. मी तेच गाणं लावलं. ढोल वाजला, बेस वाजला, पण हुंकार नाही. सब हलवला, तारा तपासल्या, काही नाही. ती दोघं परत आली. बाबांनी पाठ टेकली आणि हुंकार हजर.

त्यांच्यासाठी कोपऱ्यात गादी टाकली, मऊ तक्क्या दिला. बायको म्हणाली, किती काळजी घेतोस. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो.

२० फेब्रुवारी

दुपारी बाबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, आतून कोणीतरी बोलतं. कोण, ते सांगत नाही. पण घरात कोण कोण आहे, कोण कुठे झोपतं, असं विचारत असतं. बरं असतं बोलायला, इथे दिवसभर कोण बोलतं माझ्याशी? म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

 त्यांना तिथून उठवावं असं वाटलं. पण तेवढ्यात हुंकार असा फुलला, की मी त्यांच्याकडे बघून अंगठा वर केला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

२४ फेब्रुवारी

बाबांचा आवाज गेला. ओठ हलतात, घोगरं काहीसं येतं, मग तेही नाही. डॉक्टर म्हणतात घसा स्वच्छ आहे. वजन उतरलंय. बायकोने विचारलं, दिवसभर काय करतात बाबा? मी म्हटलं, आराम करतात, गाणी ऐकतात. खोटं नाही. खोटं नाही, असं मनाशी घोकत भांडी विसळली.

हुंकार मात्र आता भरदार झालाय. त्यात चढउतार आलेत. जवळजवळ चाल. दाढीवाल्याला पुढची चारही गाणी अशीच हवीत.

२६ फेब्रुवारी

आज बाबांनी माझी बाही धरली. घट्ट. ओठ हलवत होते. उठायचं असावं — तहान लागली असावी. शेवटचं कडवं तेवढं राहिलं होतं. मी त्यांचा हात सोडवला, थोपटलं, पाठ पुन्हा सबला टेकवून दिली. मी टेकवून दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं.

कडवं झकास झालं.

२७ फेब्रुवारी

लिहायला हात धजत नाही.

हुंकारात चाल कुठून आली म्हणून तो ट्रॅक एकटा लावला. नुसती घरघर. मग वेग वाढवला. चौपट. आणखी. घरघर वर चढत गेली आणि माणसाच्या आवाजाच्या पट्टीला आली. खणखणीत आवाज. ओळखीचा.

‘पुरे आता. उठव मला. अरे, उठव की.’

मागचे ट्रॅक काढले. सगळ्यांत तेच. चौदा तारखेच्यातही. ज्या दिवशी ते चहा पीत हसत बसले होते, त्या दिवशीही आत कुठेतरी —

मी त्याला खर्ज म्हणालो. कानाची तालीम म्हणालो. लोक ते गाड्यांतून लावून फिरतायत.

बाबांना उचलून पलंगावर नेलं. रिकाम्या पोत्यासारखे हलके. श्वास चालू आहे. नजर माझ्यावरून हलत नाही.

२८ फेब्रुवारी

सबची तार उपटली. हातात तार, भिंतीत काही नाही — आणि कोपरा बोलतोय. वेग वाढवायचीही गरज नाही आता. जमिनीतून पायांत चढतं, आणि कळतं.

बायको कामावरून आली. सगळं सांगितलं. सगळं नाही. बाही धरली ते सांगितलं नाही.

मला वाटलं ओरडेल, मारेल. ती फक्त कोपऱ्यापाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. ‘बाबा?’ म्हणाली. आतून तिच्या लहानपणच्या लाडक्या नावाने हाक आली. मीही ऐकली.

मी खोका बाहेर फेकायला धावलो. तिने दोन्ही हातांनी कवटाळला. म्हणाली, पलंगावर आहे ते नुसतं अंग, माझे बाबा यात आहेत. हात लावशील तर बघ.

कुठल्या तोंडाने हिसकावून घेऊ?

१ मार्च

ती कामावर गेली नाही. पाठ लावून बसलीये. जेवली नाही. पलंगावर बाबांचा श्वास — आहे, बहुतेक. डॉक्टरांना फोन केला, येतो म्हणाले.

मध्येच ती म्हणाली, बाबांच्या मागे अजून कोणीतरी आहे. ते विचारतंय. तुझ्याबद्दल विचारतंय.

मग तिचाही आवाज घोगरा व्हायला लागला.

२ मार्च

ओठ हलतायत तिचे. आवाज नाही. दोन्ही हात माझ्याकडे केलेत.

मी खुर्चीत आहे. चार पावलं — तेवढंच अंतर. जातो.

कोपऱ्यातला माइक चालूच राहिलाय. मी लावला नव्हता. किंवा लावला असेन. हेडफोन कानाला आहेत आणि तिचा आवाज खाली उतरतोय, बाबांच्याही खाली, इतका खोल, इतका स्वच्छ — असा खर्ज आजवर कोणी ऐकला नसेल. लाज वाटते हे लिहायला. रडतोय मी. तरी आवाजाची पातळी बरोबर धरून आहे.

उठवतो तिला. उठतोच आता. फक्त हे एवढं कडवं —